बॅटरीची हळद

दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं, की तुमच्या धंद्यातलं काहीतरी चटकदार लिहा. मी म्हटलं, माझा धंदा म्हणजे एक डबा घ्यायचा, त्यात ॲसिड ओतायचं आणि बुडबुडे येईपर्यंत वाट बघत बसायचं. यात चटकदार काय असणार? मग गिऱ्हाइकांबद्दल लिहा, असं ते म्हणाले. हे मात्र त्यांनी बरोबर ओळखलं. बॅटऱ्या इथूनतिथून सगळ्या सारख्याच असतात.

आमचं घराणं भिवंडीतलं जुनं. आजोबा कोर्टात कारकून, वडील नगरपालिकेत कारकून, थोरला भाऊ शाळेत मास्तर. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या खिशाला शाईचा डाग असायचा आणि तो प्रतिष्ठेचा समजला जायचा. माझ्या शर्टांना मात्र ॲसिडची भोकं पडायची. शर्ट धुवायला टाकला की भोकं आणखी मोठी होऊन परत यायची. आईने पुढे पुढे ती शिवणं सोडून दिलं आणि वडील पाहुण्यांना सांगायला लागले, की धाकटा इलेक्ट्रिकमध्ये आहे. पाहुण्यांना वाटायचं मी वीज खात्यात आहे. मग ते त्यांच्या मीटरच्या तक्रारी घेऊन माझ्याकडे यायचे.

दुकान कामतघरच्या रस्त्यावर होतं. आजूबाजूला सगळे लूमचे, म्हणजे यंत्रमागाचे, कारखाने. त्या खडखडाटात गिऱ्हाइकाशी ओरडूनच बोलावं लागायचं. लोडशेडिंग सुरू झालं की सगळे लूम एकदम गप्प व्हायचे आणि आम्ही दोघं भर शांततेत एकमेकांवर ओरडत असायचो. रस्त्यावरच्या लोकांना वाटायचं भांडण लागलंय. हे मी सांगतोय ते दोन हजार सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांतलं. तेव्हा भिवंडीत लाइट येण्याचीच बातमी व्हायची, जाण्याची नाही. आणि माझा सगळा धंदा लाइटवर.

ज्यांनी हा प्रकार कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. हल्ली बऱ्याच मोटारसायकलींना येणारी बॅटरी कारखान्यातूनच भरून, चार्ज होऊन, बंद होऊन येते. तेव्हा नवी बॅटरी कोरडी यायची. आत सहा कप्पे, प्रत्येक कप्प्यात शिशाच्या पट्ट्या, वर सहा बुचं. शेजारी एक बारीक नळीचं तोंड, त्यावर लाल रबराचं टोपण. ते टोपण आधी काढून फेकायचं, कारण आतला वायू बाहेर पडायला तीच एक वाट असते. मग सहाही कप्प्यांत खुणेपर्यंत पातळ केलेलं ॲसिड भरायचं आणि हात बांधून बसायचं. कोरड्या पट्ट्या ॲसिड पितात, डबा गरम होतो, पातळी खाली जाते. मग पुन्हा थोडं ॲसिड. त्यानंतर चार्जर लावायचा, तोही अगदी मंद करंटवर, बुचं उघडी ठेवून. सहाही कप्प्यांत सारखे बारीक बुडबुडे दिसायला लागले आणि ॲसिडचा दाटपणा मोजणाऱ्या हायड्रोमीटरचा तरंगणारा काटा नीट वर राहिला, की बॅटरी तयार. याला अख्खा दिवस किंवा अख्खी रात्र लागते, आणि मध्ये लाइट गेली तर भिवंडीत लागेल तेवढा वेळ. एवढी पहिली चार्जिंग नीट झाली, की पुढे पातळी कमी झाली तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घालायचं. ॲसिड पुन्हा आयुष्यात नाही, आणि नळाचं पाणी तर कधीच नाही.

यातली कुठलीही गोष्ट अवघड नाही. अवघड आहे ते थांबणं. ॲसिड भरल्या भरल्या बॅटरीत थोडी जान येते, हॉर्न वाजतो, गाडी चालूही होते. हा खरा घात. मग गिऱ्हाईक म्हणतं, चालू झाली ना, मग रात्रभर कशाला ठेवता? एक उत्तर भारतीय लूमवाला मला नेहमी म्हणायचा, "सेठ, भर के दे दो, चलते-चलते चार्ज हो जाएगी." मी त्याला दर वेळी समजावायचो, की लहानपणी उपाशी राहिलेलं पोर पुढे कितीही खायला घाला, अंग धरत नाही. तो मान डोलवायचा, बॅटरी घेऊन जायचा आणि वर्षाच्या आत नवी घ्यायला यायचा. माणूस चांगला होता. त्याच्या घाईवर माझं दुकान निम्मं चाललं.

दुसरी जात होती नवेपणा जपणाऱ्यांची. सीटचं प्लॅस्टिक फाटून लोंबेपर्यंत न काढणारे. असाच एकजण बॅटरी घरी भरणार म्हणून घेऊन गेला. लाल टोपण काढायला मी त्याला बजावलं होतं. त्याने सगळं केलं, टोपण तेवढं ठेवलं. नव्या वस्तूचं सील कसं तोडायचं, असं त्याचं म्हणणं. वायूला वाट नाही म्हटल्यावर डबा फुगला, चिरला आणि ॲसिडने त्याच्या गाडीचा रंग साफ उतरवला. दुकानात येऊन त्याने पहिला प्रश्न विचारला, की वॉरंटीत बसतं का.

पण नवं म्हणजे काय, या प्रश्नावर माझी खरी परीक्षा घेतली ती शेलार गावच्या गोमाशेठनी.

गोमाशेठ आगरी समाजातले. वडिलोपार्जित भातशेती होती, खाडीत मासेमारी होती. मग गोदामवाले आले, जमिनीला सोन्याचा भाव आला आणि गोमा पाटलाचे गोमाशेठ झाले. गळ्यात जाड साखळी आली, तरी पायात स्लीपरच राहिली. त्यांची मुलगी सुरेखा बारावी झालेली, अंगणवाडीत शिकवायची. वज्रेश्वरीच्या अलीकडच्या गावातल्या विलास नावाच्या मुलाशी तिचं लग्न ठरलं होतं. जावयाला मोटारसायकल द्यायची ठरली. हुंडा वगैरे नाही, निव्वळ हौस. ही हौस मुलीच्या बापांनाच का होते, हे मला अजून कळलेलं नाही.

दुपारी ते सुरेखाला घेऊन दुकानात आले. गाडी शोरूममध्ये बुक केली होती. त्यांची अट अशी, की गाडी शोरूममध्ये चालू करायची नाही. टेम्पोत घालून थेट वज्रेश्वरीला न्यायची. लग्नाची पहिली पत्रिका देवीला ठेवायला दोन्हीकडची माणसं येणार होती, त्यांच्यासमोर देवळाच्या पायथ्याशी सुरेखाने सेल्फचं बटण दाबून ती पहिल्यांदा चालू करायची. तसा नवस होता. ती गाडी कारखान्यात आधीच कितीदा चालू केलेली असते, हे मी त्यांना सांगितलं नाही. नवसात तांत्रिक मुद्दे काढू नयेत.

मी म्हटलं, काही अडचण नाही, आदल्या दिवशी बॅटरी माझ्याकडे द्या, रात्रभर चार्ज करून देतो. गोमाशेठचा चेहरा पडला. रात्रभर म्हणजे बॅटरी रात्रभर वापरणार, आणि मग ती देवीसमोर नेणार? ती तर उष्टी झाली. मी सांगितलं, की वापरत नाही, भरतो. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच म्हणाले. "मना नवी पायजे, भाऊ. खोक्यातली. देवीसमोर पाणी ओता नि चालू करा." आमच्या धंद्यात ॲसिडला सगळे पाणीच म्हणतात.

मी म्हटलं, तसं केलं तर ती चालू होईलच असं नाही. आणि झाली तरी टिकणार नाही. घाईची बॅटरी टिकत नाही.

चालू होईलच असं नाही, हे ऐकल्यावर दोघंही एकमेकांकडे बघायला लागले. मग सुरेखानेच सांगितलं. मागच्या वर्षी तिचं एक लग्न ठरून मोडलं होतं. साखरपुड्याला तिला कुंकू लावायला नवऱ्याच्या आईने हात पुढे केला आणि त्याच क्षणी लाइट गेली. त्या लोकांनी अपशकुन धरला. लोडशेडिंग अपशकुन धरलं तर भिवंडीत एकही लग्न होणार नाही, पण ती माणसं मुंबईची होती. आता या घरात विलासची आई, जानकीबाय, तिच्या कानावर ते गेलेलं. तिने लग्न मोडलं नव्हतं. फक्त एवढं म्हणाली होती, की वज्रेश्वरीला गाडी चालू होताना बघू, देवी काय बोलते ते कळेल. पत्रिका छापून आल्या होत्या, वाटायच्या बाकी होत्या.

म्हणजे हा सगळा कौल माझ्या सहा कप्प्यांवर लागायचा होता. एकदा विजेने त्या मुलीला तोंडघशी पाडलं होतं, दुसऱ्यांदा पाडलं तर त्यात माझा हात असणार होता. आणि इकडे गोमाशेठ उष्टी-उष्टी करत अडून बसलेले.

तेव्हा सुरेखा बापाला म्हणाली, "बाबा, नवऱ्याला लग्नाच्या आधी हळद लावतात. मग तो वापरलेला झाला का?"

आगरी माणसाला हळदीचं महत्त्व सांगायला लागत नाही. लग्न एकवेळ साधं होईल, हळद होणार नाही. गोमाशेठ म्हणाले, म्हणजे ही रातभर ठेवता ती बॅटरीची हळद. मी म्हटलं, अगदी तसंच. इतक्या वर्षांत मला न सुचलेली गोष्ट त्या मुलीने एका वाक्यात सांगितली, म्हणून मी मनात तिला शाबासकीही दिली. त्या शाबासकीची किंमत मला पुढे कळली.

कारण हळद म्हटल्यावर तिचे नियम आले. हळद काय कामतघरला लूमच्या मध्ये लागणार? ती वज्रेश्वरीलाच लागली पाहिजे. म्हणून आदल्या दिवशी मी चार्जर, ॲसिडचा कॅन आणि खोक्यातली बॅटरी घेऊन वज्रेश्वरीच्या एसटीत बसलो. देवळाच्या पायऱ्यांखाली नारळ-ओटीचं दुकान असलेल्या एका ओळखीच्या माणसाने मागची खोली दिली. तिथे सुरेखाची आत्या माझी वाटच बघत होती. गोमाशेठची थोरली बहीण, नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू, बोलणं कमी आणि हुकूम जास्त. मी विचारलं, तुम्ही कशा काय? ती म्हणाली, हळद लागलेल्याला एकटं सोडत न्हाईत.

तर ती बॅटरीजवळ पाट घालून बसली. मी लाल टोपण काढलं, ॲसिड भरलं, थांबलो, पुन्हा थोडं भरलं, चार्जर लावला. लाइट जायची, यायची, पुन्हा जायची. आत्या प्रत्येक वेळी माझ्याकडे असं बघायची जशी काही मीच बटण बंद केलं. मध्येच तिने डब्याला हात लावून बघितलं आणि म्हणाली, अंग तापलंय. मी म्हटलं, चांगलं लक्षण आहे. त्यावर तिने हलक्या आवाजात धवला म्हणायला घेतला. आमच्याकडे आगरी लग्नात बायका म्हणतात ती गाणी. उभ्या आयुष्यात मी हजारो बॅटऱ्या चार्ज केल्या असतील, पण धवल्याच्या सुरात चार्ज झालेली ती एकच. विडी ओढणारं कुणी आसपास येऊ नये म्हणून मला एरवी डोळ्यात तेल घालून बसावं लागतं, कारण त्या बुडबुड्यांतला वायू पेट घेतो. त्या दिवशी ती काळजीच नव्हती. आत्याने खोलीत पुरुष माणूस फिरकूच दिला नाही.

सकाळी बॅटरी मस्त तयार झाली. सहाही कप्पे एकसारखे उकळल्यासारखे दिसत होते, काटा हवा तिथे. मला फार बरं वाटलं. एवढ्यात खाली टेम्पो आल्याची आरोळी आली. गाडी उतरवताना कुणी हँडल वाकवून ठेवू नये म्हणून मी धावत गेलो. बुचं लावायची राहिली होती. दोन मिनिटांचं तर काम होतं, म्हटलं आल्यावर लावू.

परत आलो तर बॅटरी न्हालेली. डबा वरून ओला, कप्पे काठोकाठ भरलेले, पाटावर पाणी सांडलेलं. आत्याच्या हातात रिकामा तांब्या.

"आंघोळ घातली," ती म्हणाली. "हळदीनंतर आंघोळ लागते ना. पहाटे कुंडावरून पाणी आणवलंय. अजून गरम हाय."

वज्रेश्वरीची गरम पाण्याची कुंडं सगळ्यांना माहीत आहेत. त्या पाण्याने खरूज जाते, सांधे मोकळे होतात. त्या पाण्यात जमिनीच्या पोटातले जेवढे म्हणून क्षार असतील तेवढे असतात, आणि बॅटरीच्या दृष्टीने ते विषच. तिने कंजुषीही केली नव्हती, सहाही कप्प्यांत थोडं थोडं, पंगतीत वाढावं तसं वाढलं होतं.

माझ्याजवळ ॲसिड थोडंसंच उरलेलं, सगळं उपसून नव्याने भरायला ते पुरणार नव्हतं आणि पुन्हा चार्ज करायला वेळ नव्हता. मनाशी हिशेब केला. ही बॅटरी काही महिन्यांत मरणार, यात शंका नाही. पण विष हळूहळू चढतं. आज ती जिवंत होती. आज एकदा इंजिन फिरवण्याएवढा जोर तिच्यात असावा. असावा म्हणतोय, कारण हायड्रोमीटर बुडवला तर काटा आधीपेक्षा खाली गेलेला.

दारात जानकीबाय उभी होती. विलासच्या आईला मी पहिल्यांदाच बघत होतो. किरकोळ बाई, पण नजर अशी की दुकानातल्या नारळांनीही सरळ बसावं. तिने विचारलं, "जालं का सगलं बराबर?"

खरं सांगायचं तर एका वाक्यात सांगता आलं असतं. बॅटरी बाद झाली, दुसरी आणतो, कार्यक्रम पुढे ढकला. ते वाक्य म्हणजे दुसऱ्यांदा लाइट जाणं. मी म्हटलं, सगळं बरोबर आहे. यात मला तेव्हाही काही वावगं वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. मग हायड्रोमीटरच्या रबरी फुग्याने जास्तीचं पाणी ओढून काढलं, डबा पुसला, बुचं घट्ट लावली. आत्या म्हणाली, हलूच पुसा, सर्दी होईल. ती विनोद करत नव्हती.

गाडी देवळाच्या पायथ्याशी उभी केली होती. हार, गुलाल, हँडलला लिंबू. मी बॅटरी बसवली, चोक ओढून ठेवला. दोन्हीकडची माणसं गोल करून उभी राहिली. विलास एका बाजूला, उंच, सावळा, हात कुठे ठेवावेत हे न कळणारा. त्याने इतका वेळ एक शब्द बोललेला मी ऐकला नव्हता. फक्त मघाशी टेम्पोतून गाडी उतरवताना मला विचारलं होतं, की रात्रभर चार्जिंग लागतेच का, आणि घाईत केली तर काय होतं. मी त्याला नेहमीचं पाठ भाषण दिलं होतं आणि त्याने ते शेवटपर्यंत ऐकलं होतं, हेच मला नवल वाटलं होतं.

गोमाशेठनी नारळ फोडला. सुरेखा पुढे झाली. तिने अंगठा बटणावर ठेवला. तिने एकदा देवळाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मी मान हलवली.

तिने बटण दाबलं. इंजिन कण्हलं. अगदी म्हाताऱ्या माणसाने खुर्चीतून उठावं तसं कण्हलं, थांबतंय की काय असं वाटलं, आणि मग धडधडून चालू झालं.

जानकीबायने हात जोडले. म्हणाली, देवीनं होकार दिला. सुरेखा गाडीचं हँडल धरून रडायला लागली. गोमाशेठ लोकांना सांगत सुटले, की कुंडाच्या पाण्याचा गुण बघा. मला प्रसादाचा अर्धा नारळ मिळाला. रात्रभर जागणाऱ्या चार्जरचं कुणी नावही काढलं नाही, आणि मी तरी कुठल्या तोंडाने काढणार होतो.

लग्न झालं. मला हळदीचं आमंत्रण होतं. मी जेवून आलो आणि बॅटरी परत येण्याची वाट बघायला लागलो. ती आली की गुपचूप नवी देऊन टाकायची, असं ठरवून टाकलं होतं. दरम्यान शेलारहून माणसं यायला लागली. आमचीपण बॅटरी हळद लावून द्या म्हणायची. एकजण तर कुंडाच्या पाण्याचा कॅन घेऊनच आला. मी त्याला म्हटलं, ज्या घरचा नवस त्याच घराला ते पाणी लागू पडतं. मग तो डिस्टिल्ड वॉटरला तयार झाला.

पावसाळा गेला, गणपती गेले, दिवाळी गेली. बॅटरी काही परत येईना. मला आधी आनंद झाला, मग शंका यायला लागली आणि मग चक्क राग यायला लागला. जन्मभर मी लोकांना सांगत आलो, की साधं नळाचं पाणी घातलं तरी बॅटरी मरते. आणि इथे खारट गंधकाच्या पाण्याने न्हालेली बॅटरी ठणठणीत? खाजगीत मी आत्याची माफी मागायची तयारीही करून ठेवली होती.

थंडीत एका सकाळी विलास दुकानात आला. एकटा. मोटारसायकल किक मारून चालू केलेली होती, ती त्याने बंद केली आणि म्हणाला, बॅटरी टाकायचीय. हीच कंपनी, हाच रंग, असाच डबा पाहिजे. मी जुनी काढून बुच उघडलं. पट्ट्या पांढऱ्याफटक, तळाशी गाळ. ही आत्ता मेलेली नव्हती, मरून महिने झाले होते. म्हणजे धंदा खोटा नव्हता. एक क्षणभर मला समाधानच वाटलं, लाज वाटावी असं.

मी विचारलं, कधीपासून बंद आहे? तो म्हणाला, पावसाच्या तोंडाला गेली. मग इतके दिवस गाडी कशी काढत होतास? किक मारतो, तो म्हणाला, पण घराशी न्हाय. अंगणातून ढकलत नेतो, मारुतीच्या देवळाच्या वळणापर्यंत. तिथं किक मारतो. रोज. येताना वळणावर बंद करून ढकलत आणतो. हॉर्न वाजत नाही, तर तोंडाने ओरडतो. आईला काय सांगितलंस, विचारलं, तर म्हणाला, तुळशीला धूर लागतो म्हणून बाहेर नेऊन चालू करतो, असं सांगितलंय. आईला त्याच्या देवभोळेपणाचं इतकं कौतुक, की आळीभर सांगत फिरते.

"घराशी किक मारली तर आय ऐकंल ना," तो म्हणाला. "सेल्फ लागना म्हणजे देवीनं हात काढला, असं बोलंल. मंग बोल सुरेखाला लागंल."

मी म्हटलं, अरे पण मग तेव्हाच यायचं माझ्याकडे. बॅटरी बदलायला असा किती वेळ लागतो?

तो थोडा गोंधळला. म्हणाला, "तुमीच बोल्ले होते ना, रातभर ठेवायलाच लागते, घाईची टिकत न्हाय. गाडी रातभर घरी आली न्हाय तर आय विचारंल कुठं हाय. आता ती बहिणीकडं गेलीय, म्हणून आलो."

मी ओशाळलो की हसलो ते आठवत नाही. उभ्या धंद्यात माझं म्हणणं ज्याने शब्दशः पाळलं असं ते एकच गिऱ्हाईक, आणि त्यापायी तो अख्खा पावसाळा चिखलातून गाडी ढकलत होता. त्याला एवढंही सुचलं नव्हतं, की गाडी घरी ठेवून नुसती बॅटरी माझ्याकडे ठेवता आली असती. मी ते सांगणार होतो. मग राहू दिलं. इतक्या कष्टाने केलेली गोष्ट सोपी होती, हे सांगून कुणाचं भलं होत नाही.

नवं खोकं काढलं, लाल टोपण उपटून फेकलं. ॲसिड ओतता ओतता विचारलं, सुरेखाला तरी माहीत आहे का हे सगळं?

"न्हाय," तो म्हणाला. "तिला काय सांगायचं? ती गाडी तिच्या हातनं चालू जाली होती. तिच्या लेखी ती चालूच हाय."

मी पट्ट्यांना ॲसिड पिऊ दिलं. मग चार्जर लावला आणि करंट अगदी मंद ठेवला.